जनावर अंग कसे धरते : वाढीचे संप्रेरक, स्नायू आणि चरबी

शेळीच्या मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका छोट्या खोबणीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी पोष ग्रंथी बसलेली असते. तिच्या पुढच्या भागातील काही पेशी सुमारे १९१ अमिनो आम्लांची एक प्रथिनसाखळी तयार करून रक्तात सोडतात. हेच वाढीचे संप्रेरक. करडाचा बोकड होताना हाडे किती लांबणार, मांडीवर आणि पाठीवर मांस किती चढणार, पोटात चरबी किती साचणार, या तिन्ही गोष्टींत त्याचा हात असतो. गाय, म्हैस, मेंढी, डुक्कर यांच्यातही हेच घडते. साखळीतील काही दुवे बदलतात, काम बहुतांशी तेच राहते.

वाशीम जिल्ह्यात या विषयाला रोजच्या व्यवहाराचे महत्त्व आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. शेती बहुतेक कोरडवाहू, पिके मुख्यतः सोयाबीन आणि तूर. अशा शेतीच्या आधाराला दोन जनावरे आहेत, बैल आणि शेळी. बैलाचे स्नायू औत ओढण्यासाठी हवेत. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी असल्याने त्याच्या मांसाचा व्यवहार उरलेला नाही. शेळीचे मोल मात्र तिच्या अंगावरच्या मांसावरच ठरते. बाजारात जाणता गिऱ्हाईक बोकडाच्या कमरेवरून हात फिरवतो, मणक्याची टोके बोटांना टोचतात का ते पाहतो, मग छातीच्या हाडावरची गादी चाचपतो. कमरेला भरलेपणा लागला तर तिथे स्नायू आहे. छातीच्या गादीवरून चरबीचा अंदाज येतो. तो चाचपत असतो ते त्या बोकडाच्या सगळ्या आयुष्यात वाढीच्या संप्रेरकाने आणि चाऱ्याने मिळून केलेले काम.

हे संप्रेरक रक्तात सतत सारखे वाहत नाही. ते लाटांनी येते. मेंदूच्या अधश्चेतक भागातून दोन विरुद्ध आज्ञा निघतात. एक संप्रेरक सोडायला लावते, तर सोमॅटोस्टॅटिन नावाची दुसरी ते रोखून धरते. तिसरी आज्ञा जठरातून येते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले घ्रेलिन हे द्रव्य पोट रिकामे असताना वाढते, भूक चेतवते आणि पोष ग्रंथीलाही डिवचते. या तिघांच्या ओढाताणीत दिवसातून अनेक वेळा संप्रेरकाची लाट उसळते आणि थोड्याच वेळात ओसरते, कारण रक्तात त्याचे आयुष्य मिनिटांत मोजण्याइतके अल्प असते. म्हणून जनावराच्या रक्ताचा एकच नमुना तपासून त्याच्या वाढीबद्दल काही ठरवणे चुकीचे आहे. नर जनावरांत या लाटा सहसा अधिक उंच असतात. त्यात वृषणातून येणाऱ्या संप्रेरकाचा वाटा असतो. गोऱ्हा किंवा बोकड खच्ची केला की हा पाठिंबा जातो. खच्ची बोकडाचे मांस कमी उग्र आणि जास्त चरबीचे का असते आणि खच्ची न केलेला नर मानेला व खांद्याला भरदार का दिसतो, याच्या कारणांपैकी हे एक आहे.

पोष ग्रंथीचा आणि वाढीचा संबंध प्रयोगाने प्रथम ठळकपणे दाखवला तो कॅलिफोर्निया विद्यापीठातील हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी, १९२१ मध्ये. गुरांच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचलेले त्यांचे उंदीर त्याच वयाच्या इतर उंदरांपेक्षा कितीतरी मोठे झाले. नुसते वजन वाढणे म्हणजे वाढ नव्हे, हे पुढच्या प्रयोगांनी स्पष्ट केले. १९३४ मध्ये ली आणि शॅफर यांनी अर्क दिलेल्या उंदरांच्या शरीराचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यांच्यात प्रथिने जास्त आणि चरबी कमी निघाली. या विषयाचा पाया खरे तर इथे घातला गेला. एकाच द्रव्याचे दोन परिणाम आहेत, ते एकमेकांच्या उलट दिशेने जातात आणि तरी एकाच हिशेबाचे भाग आहेत, हे तेव्हा पहिल्यांदा उघड झाले. शुद्ध स्वरूपात हे संप्रेरक वेगळे करण्याचे काम १९४४ मध्ये चो हाओ ली आणि इव्हान्स यांनी केले. १९५७ मध्ये सॅल्मन आणि डॉहाडे यांनी आणखी एक धागा शोधला. कूर्चेवर संप्रेरकाचा परिणाम थेट होत नव्हता. रक्तातले दुसरेच काही द्रव्य ते काम करत होते. त्या मध्यस्थाला आज इन्सुलिनसदृश वाढ-घटक-१, थोडक्यात आयजीएफ-१ म्हणतात. रक्तातले आयजीएफ-१ मुख्यतः यकृतातून येते. ते वाहक प्रथिनांना चिकटून तासन्तास रक्तात टिकते.

संप्रेरकाचा निरोप पेशीत जातो तो पेशीच्या पटलावरील ग्राहीमार्फत. संप्रेरक ग्राहीला बिलगले की आतली जॅक-२ आणि स्टॅट-५ नावाची प्रथिने जागी होतात आणि केंद्रकातील ठराविक जनुके चालू करतात. यकृतात या मार्गाने आयजीएफ-१ बनते. स्नायूत काही प्रमाणात ते जागेवरच तयार होते.

स्नायूच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. शेळी, मेंढी, गाय यांच्या स्नायूतंतूंची संख्या जवळजवळ गर्भातच ठरते. जन्मानंतर नवे तंतू फारसे तयार होत नाहीत. असलेले तंतू लांब आणि जाड होतात. ही जाडी वाढवण्याचे काम आयजीएफ-१ दोन वाटांनी करते. एक म्हणजे तंतूतील प्रथिने बनण्याचा वेग वाढतो आणि मोडण्याचा वेग घटतो. दुसरी वाट तंतूच्या कडेला सुप्तावस्थेत पडलेल्या उपग्रह पेशींची. त्या विभागतात, तंतूत मिसळतात आणि त्याला नवी केंद्रके देतात. एका केंद्रकाला ठराविक आवाकाच सांभाळता येत असल्यामुळे केंद्रके वाढल्याशिवाय तंतू फार जाड होऊ शकत नाही. बैलाच्या खांद्याला आणि मांडीला कामाने जो भरीवपणा येतो, त्यात ओढीच्या ताणाचा वाटा मोठा आहे. तो ताणही स्नायूत जागेवर आयजीएफ-१ वाढवतो. चांगल्या खुराकावर असलेला आणि नियमित जुंपला जाणारा बैल म्हणूनच पोळ्याच्या दिवशी नुसता सजवलेला नव्हे, तर खराच घडलेला दिसतो.

चरबीवर संप्रेरक थेट काम करते, आयजीएफ-१ च्या मध्यस्थीशिवाय. चरबीच्या पेशी रक्तातील द्रव्ये उचलून मेद साठवतात, तेव्हा त्यांना इन्सुलिन हुकूम देत असते. वाढीचे संप्रेरक या हुकमाची धार बोथट करते. जनावर भरपेट असेल तर मुख्य परिणाम नवी चरबी साठणे मंदावण्यात दिसतो. जनावर उपाशी असेल किंवा दुधात असेल तर साठलेली चरबी वितळते, कारण अशा वेळी हे संप्रेरक चरबीच्या पेशींना ॲड्रेनॅलिनच्या इशाऱ्याला अधिक संवेदनशील करते. ताजी व्यालेली म्हैस भरपूर दूध देता देता खंगत जाते, ती याच व्यवहारामुळे. तिच्या रक्तात वाढीचे संप्रेरक जास्त असते, पाठीवरची चरबी वितळून दुधात जाते, आणि खुराक कमी पडला तर कीटोसिससारखा आजार उभा राहतो. अमेरिकेतील डेल बाऊमन आणि ब्रूस करी यांनी १९८० मध्ये या साऱ्या घडामोडींना एकत्र बांधणारी मांडणी केली. संप्रेरक शरीराला काही नवीन देत नाही. आलेल्या अन्नातला कोणता वाटा कोणत्या ऊतीकडे जायचा, ते ठरवते.

शेळीची चरबी कुठे साचते हेही जाणून घ्यायला हवे. मेंढीच्या किंवा डुकराच्या कातडीखाली जाड थर असतो, तसा शेळीला नसतो. तिची चरबी आतड्यांवरच्या पडद्यात आणि मूत्रपिंडांभोवती साचते. नवजात करडाच्या मूत्रपिंडांभोवतीची चरबी तपकिरी जातीची असते आणि ती जळून उष्णता देते. हिवाळ्यात जन्मलेले करडू पहिल्या रात्री तगते ते तिच्या बळावर आणि चिकाच्या दुधावर. पुढे वाढीचा क्रम ठरलेला असतो. आधी मेंदू आणि हाडे, मग स्नायू, शेवटी चरबी, हा क्रम केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांच्या संशोधनाने प्रस्थापित केला. वय वाढते तसा शरीराच्या मानाने संप्रेरकाचा जोर ओसरतो आणि खाल्लेले अन्न अधिकाधिक चरबीत जाऊ लागते. प्रौढ झालेला बोकड उगाच पोसत ठेवला तर पोटातली चरबी वाढते आणि खुराकाचा पैसा वाया जातो.

वाशीमच्या उन्हाळ्याचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत माळ उघडे पडतात, नाल्यांचे पाणी आटते, शेतात तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार एवढाच काय तो चारा उरतो. अशा दिवसांत शेळी वाढत नाही, उलट वजन घटवते. तिच्यात वाढीचे संप्रेरक कमी पडले असावे, असा समज सहज होईल. प्रत्यक्षात ते वाढलेले असते. अर्धपोटी जनावराच्या रक्तात या संप्रेरकाच्या लाटा उंचावतात, हे मेंढ्या, गुरे आणि इतर प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. फरक यकृतात पडतो. ऊर्जा आणि विशेषतः प्रथिने कमी पडली की यकृतावरील ग्राही कमी होतात. संप्रेरक दाराशी येते, पण दार उघडत नाही. आयजीएफ-१ घसरते, स्नायूंची वाढ थांबते. चरबी वितळवण्याचे काम मात्र चालूच राहते, कारण त्याला यकृताची गरज नसते. म्हणजे भुकेल्या शेळीत हे संप्रेरक मांस चढवणारे राहत नाही. अंगातला साठा मोडून जीव जगवणारे होते. जंत आणि दीर्घकाळ चाललेले रोगही याच दाराला कुलूप लावतात, कारण शरीरातील दाह यकृताला संप्रेरकाबद्दल बधिर करतो. पावसाळ्यात हिरवा पाला भरपूर असूनही जंतांनी पोखरलेला कळप अंग धरत नाही, यामागे हेही एक कारण आहे. उन्हाचा कडाका आणखी भर घालतो. चाळीस अंशांच्या वर पारा गेला की जनावर खाणेच कमी करते.

मृगाचा पाऊस पडून पाला फुटला की चित्र पालटते. यकृतावरील ग्राही परत येतात, आयजीएफ-१ वर चढते आणि उन्हाळ्यात खंगलेले जनावर नेहमीपेक्षा वेगाने वाढू लागते. या भरपाईच्या वाढीत सुरुवातीला स्नायूंचा वाटा जास्त असतो. जून ते ऑक्टोबर या काळात बरीचशी तूट भरून निघते.

एक तूट मात्र भरून निघत नाही. शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते, आणि गर्भाच्या स्नायूतंतूंची संख्या या काळाच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात बहुतांशी ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळलेल्या शेळीच्या पोटातल्या करडाचे तंतू नेमके एप्रिल आणि मे महिन्यांत आकार घेत असतात. गर्भाच्या वाढीवर त्याच्या स्वतःच्या वाढीच्या संप्रेरकाचा ताबा फारसा नसतो; तिथे आईचे पोषण, वार आणि इन्सुलिनसारखे घटक निर्णायक असतात. त्या दोन महिन्यांत शेळी अर्धपोटी राहिली तर करडू कमी तंतू घेऊन जन्मते. पुढे कितीही चारा घातला, कितीही संप्रेरक वाहिले, तरी आहेत तेच तंतू जाड होतील. पशुपालनाच्या चर्चेत करडाच्या खुराकाबद्दल जेवढे बोलले जाते, त्याच्या निम्मेही गाभण शेळीच्या उन्हाळी खुराकाबद्दल बोलले जात नाही. ही या भागातली मोठी उणीव आहे.

जातीचा भागही आहेच. विदर्भात बेरारी शेळी आहे, शेजारच्या मराठवाड्यातून आलेली काळी उस्मानाबादी आहे, आणि गावोगाव दोन्हींचा व इतर जातींचा संकर आहे. शेळीच्या आणि गाईच्या वाढीच्या संप्रेरकाचे जनुक दोघींच्याही १९ व्या गुणसूत्रावर आहे. गाईच्या संप्रेरकात १२७ व्या जागी ल्यूसिन किंवा व्हॅलिन असे दोन पर्याय आढळतात, आणि अशा भेदांचा वजनाशी व दुधाशी संबंध लावण्याचे बरेच प्रयत्न झाले. एका कळपात दिसलेला संबंध दुसऱ्या कळपात टिकतोच असे नाही. वाढ हा अनेक जनुकांचा एकत्रित गुण असल्यामुळे एका जनुकाची चाचणी करून बोकड निवडणे आज तरी शहाणपणाचे नाही. स्नायूंवर संप्रेरकाव्यतिरिक्त इतरही लगाम आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेत सापडलेले मायोस्टॅटिन हे त्यातले ठळक उदाहरण. ते निकामी असलेली बेल्जियन ब्लू गुरे दुप्पट मांसल दिसतात, आणि त्यांच्या गाईंना विताना बहुधा शस्त्रक्रिया लागते.

बाहेरून संप्रेरक टोचून वाढ साधण्याचा प्रयत्न जगात मोठ्या प्रमाणावर झाला. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या गाईच्या संप्रेरकाला अमेरिकेत नोव्हेंबर १९९३ मध्ये परवानगी मिळाली. दर १४ दिवसांनी टोचले की दूध साधारण १० ते १५ टक्के वाढते, पण कासदाह आणि लंगडेपणाचे प्रमाणही वाढते. कॅनडाने १९९९ मध्ये परवानगी नाकारली आणि युरोपीय संघाने त्याच वर्षी जनावरांच्या आरोग्याच्या कारणावरून कायमची बंदी घातली. डुकरांवर परिणाम सर्वांत ठळक दिसतो, मांस वाढते आणि चरबी झपाट्याने घटते. मेंढ्या आणि गुरांत चरबी कमी होते, पण मांसाची वाढ तुलनेने माफक राहते. भारतातही करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुभत्या म्हशींवर याचे प्रयोग झाले, आणि पुढे मुऱ्हा वगारींवर संप्रेरक सोडवणाऱ्या घटकाचेही. जनुकच बदलून पाहण्याचा मार्ग अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील शासकीय संशोधन केंद्राने डुकरांवर चोखाळला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पाठीवरील चरबीचा थर निम्म्याहून पातळ झाला, पण त्या डुकरांना संधिवात, जठरातील व्रण, त्वचेचे आणि मूत्रपिंडाचे विकार जडले. संप्रेरक लाटांनी न येता अखंड वाहू लागले की शरीराचे काय होते, याचा हा पुरावा आहे. मुक्या जनावराला असे आयुष्य देऊन मिळवलेले कमी चरबीचे मांस स्वीकारता येणार नाही.

गावोगाव बोलल्या जाणाऱ्या एका समजाचाही इथे निकाल लावायला हवा. ब्रॉयलर कोंबडी इंजेक्शनने वाढवतात, असे पुष्कळ लोक मानतात. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिले तर ते पचून जाते, त्यामुळे ते टोचावेच लागेल. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येकाला पुन्हा पुन्हा टोचणे परवडणारे नाही, आणि टोचले तरी कोंबडीचा प्रतिसाद फार क्षीण असतो. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाणाऱ्या ब्रॉयलरच्या रक्तात हे संप्रेरक अंडी देणाऱ्या सडपातळ कोंबडीपेक्षा कमीच आढळते. ब्रॉयलरची वाढ अनेक पिढ्यांची निवड, प्रथिनयुक्त खाद्य आणि तापमानाची काळजी यांतून आली आहे. उलट ज्या बुटक्या कोंबड्यांत या संप्रेरकाचा ग्राहीच जनुकदोषाने निकामी असतो, त्यांची हाडे आखूड राहतात आणि चरबी वाढते. म्हशीला पान्हा यावा म्हणून टोचले जाणारे ऑक्सिटोसिन पोष ग्रंथीच्या मागच्या भागातून बाहेर पडणारे अगदी वेगळे द्रव्य आहे. त्याचा गैरवापर होतो आणि तो थांबायला हवा, पण त्याचा मांसवाढीशी संबंध नाही. अमेरिकेतील गुरांच्या कानामागे बसवल्या जाणाऱ्या गोळ्या लैंगिक संप्रेरकांच्या गटातल्या आहेत. या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली ढकलल्या की ना ग्राहकाला नेमकी माहिती मिळते, ना पशुपालकाला.

वाशीमच्या शेळीपालकापुढचा प्रश्न बाटलीतल्या संप्रेरकाचा नाही. त्याच्या शेळीत ते पुरेसे आहे; कमी आहेत ती त्याला कामाला लावणारी प्रथिने. फळलेली शेळी उन्हाळ्यात निव्वळ माळावर सोडू नये. तुरीच्या कुटारासोबत सुबाभूळ, शेवरी किंवा हादग्याचा पाला आणि थोडी सरकीची ढेप तिला द्यावी, विण्याआधीच्या सहा आठवड्यांत रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा, पावसाळ्याच्या तोंडावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक पाजावे आणि करडांची वजने जन्मताच व तीन महिन्यांनी नोंदवावी. रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्यात पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे. वजनांची वही घेऊन तिथे जावे आणि पुढच्या विणीचा बोकड त्या वहीवरूनच निवडावा.